नऊ व्होल्टच्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरला घरची वीज

चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर रोज टेबलावरच वापरायचा असेल, तर सतत नवी बॅटरी घेण्याऐवजी त्याला अ‍ॅडॉप्टर जोडता येतो आणि त्यासाठी पेटीला भोकही पाडावे लागत नाही.

१. नऊ व्होल्टचा रेग्युलेटेड, म्हणजे भार बदलला तरी व्होल्टेज स्थिर ठेवणारा, डीसी अ‍ॅडॉप्टर घ्या. जुन्या जड, साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅडॉप्टरवर ‘९ व्होल्ट’ छापलेले असले, तरी हलक्या भारावर तो बारा-तेरा व्होल्टही देतो आणि कानात शंभर हर्ट्‌झची घरघर ऐकू येते.

२. बॅटरीला लावतात तशी, लाल-काळ्या तारांची दुसरी टोपी आणा. ती अ‍ॅम्प्लिफायरच्या टोपीत बरोबर बसते.

३. इथेच बहुतेकांची चूक होते. टोपीला टोपी लावली की ध्रुव उलटतात. म्हणून अ‍ॅडॉप्टरची धन तार नव्या टोपीच्या काळ्या तारेला आणि ऋण तार लाल तारेला जोडा. बॅटरीवर लहान गोल बटण धन असते, तेव्हा नव्या टोपीच्या लहान बटणावर धन येते का, हे मल्टीमीटरने पाहूनच ती अ‍ॅम्प्लिफायरला लावा. सांध्यांवर इन्सुलेशन टेप गुंडाळा.

सावधगिरी एकच: अशा अनेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आवाजाचा ग्राउंड (आवाजाच्या तारांची सामाईक बाजू) पुरवठ्याच्या मध्यावर, म्हणजे साडेचार व्होल्टवर असतो, तर संगणकात आवाजाचा आणि यूएसबीचा ग्राउंड एकच असतो आणि दोन्ही जोडले की शॉर्ट होतो, त्यामुळे ज्या संगणकातून गाणी ऐकता, त्याच्याच यूएसबीवरून साध्या कन्व्हर्टरने ही वीज घेऊ नका, स्वतंत्र अ‍ॅडॉप्टरच वापरा.