पुनरुज्जीवनाच्या मार्गदर्शक सूचना: प्रश्नापासून शिफारशीपर्यंत

प्रौढांची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून जीव वाचवण्याची पद्धत, शिकलेल्यांना हे आकडे पाठ असतात. ते ठरवताना जगभरच्या पुराव्यांची छाननी १९९२ साली स्थापन झालेली इलकोर ही आंतरराष्ट्रीय समिती करते, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशन, युरोपियन रिससिटेशन कौन्सिल यांसारख्या संस्था त्यावरून आपापल्या सूचना लिहितात. अशा सूचना लिहिणारा तुमचा गट लहान असला तरी रीत हीच ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ प्रश्नावर घालवा. ‘अ‍ॅड्रेनलिन उपयोगी आहे का?’ (हे हृदय बंद पडल्यावर देतात ते औषध) हा प्रश्न नव्हे. रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि परिणाम कोणता, हे चारही ठरले पाहिजे: रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेले प्रौढ, अ‍ॅड्रेनलिन, त्याऐवजी प्लासिबो (औषध नसलेला बनावट डोस), तीस दिवसांनी जिवंत आहेत का आणि मेंदू किती शाबूत आहे. परिणामांचा महत्त्वक्रम शोध सुरू करण्यापूर्वीच लावा आणि आराखडा प्रॉस्पेरो या अशा आढाव्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदवून ठेवा. अभ्यास वाचून झाल्यावर क्रम लावला, की जिथे फरक दिसला तोच परिणाम ‘महत्त्वाचा’ वाटू लागतो.

शोधाचे काम वैद्यकीय ग्रंथपालाशिवाय करू नये. मेडलाइन, एम्बेस आणि कॉक्रेन हे संशोधन-लेखांचे तिन्ही साठे धुंडाळा. दोघांनी एकमेकांना न विचारता लेखांची निवड करावी, मतभेद तिसऱ्याने सोडवावा. पूर्ण वाचून वगळलेल्या प्रत्येक लेखापुढे कारण लिहा. पुढे वाद झालाच तर तीच यादी कामी येते.

आता पुराव्याची खात्री. पुरावा किती भरवशाचा हे ठरवण्याच्या ग्रेड पद्धतीत चार पायऱ्या आहेत: उच्च, मध्यम, कमी, अत्यंत कमी. यादृच्छिक चाचण्या (कोणाला कोणता उपाय हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेल्या) वरून सुरू होतात, निरीक्षणात्मक अभ्यास सहसा खालून. पूर्वग्रह, निष्कर्षांतली विसंगती, अप्रत्यक्षता (पुरावा नेमक्या आपल्या प्रश्नाचा नसणे), अचूकतेचा अभाव आणि प्रकाशनातला पक्षपात, या पाच कारणांनी पायरी उतरते. पुनरुज्जीवनात एक खास सापळा आहे. ज्याचे हृदय पटकन सुरू होते त्याला औषध द्यायची वेळच येत नाही. ज्याचा सीपीआर लांबतो त्याला डोसवर डोस मिळतात. नुसत्या नोंदी चाळल्या तर औषधच घातक दिसते. म्हणून औषध कितव्या मिनिटाला दिले, हे न पाहणाऱ्या अभ्यासावर विसंबू नका.

निष्कर्ष मांडताना टक्केवारीतली सापेक्ष वाढ सांगू नका, हजारी आकडा सांगा. २०१८च्या पॅरामेडिक-२ चाचणीत आठ हजारांवर रुग्ण होते. तीस दिवसांनी अ‍ॅड्रेनलिन गटात ३.२ टक्के जिवंत होते, प्लासिबो गटात २.४. म्हणजे हजारामागे आठ जीव जास्त. पण मेंदू चांगल्या स्थितीत राहून घरी गेलेले २.२ विरुद्ध १.९, हजारामागे तीन, आणि तोही फरक योगायोगाचा असू शकतो. वाचलेल्यांमध्ये मेंदूला गंभीर इजा झालेले मात्र अ‍ॅड्रेनलिन गटात ३१ टक्के, दुसरीकडे १७.८. ‘जगण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने वाढले’ असे लिहिले तर यातले काहीच कळत नाही.

खरी ओढाताण इथून पुढे. खात्री आणि शिफारशीचे बळ या वेगळ्या गोष्टी आहेत. नवखे गट हमखास इथेच घसरतात. फायदा-तोटा, रुग्ण कशाला मोल देतात, खर्च, समन्याय, स्वीकार आणि अंमलबजावणी, प्रत्येकावर गटाचे मत कारणासकट लिहा. इलकोरने २०१९ साली अ‍ॅड्रेनलिनची ठाम शिफारस केली, पुराव्याची खात्री कमी ते मध्यम असूनही. ठाम शिफारशीला ‘आम्ही शिफारस करतो’, सौम्य शिफारशीला ‘आम्ही सुचवतो’ असे लिहितात. ही क्रियापदे सैलपणे वापरू नका.

हितसंबंध पहिल्याच बैठकीत जाहीर करा. ज्याची स्वतःची चाचणी चर्चेत आहे, त्याने माहिती द्यावी, मत देऊ नये. मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठी खुला ठेवा आणि प्रत्येक आक्षेपाला लेखी उत्तर द्या. मोठी चाचणी प्रसिद्ध झाली की सूचनांच्या दर पाच वर्षांनी निघणाऱ्या आवृत्तीची वाट न पाहता तेवढाच प्रश्न पुन्हा उघडा. त्यासाठी जुना शोध शब्दन्‌शब्द जपून ठेवलेला हवा, नाहीतर सगळे पुन्हा पहिल्यापासून.