नऊ व्होल्टची बॅटरी आणि घरात शिरलेली रिक्षा

एलएम३८६ चिपवर छोटा अँप्लिफायर जोडला होता. अडाप्टरवर गुणगुण यायची, म्हणून नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली. हळू आवाजात झकास. नॉब अर्ध्यापुढे नेला की स्पीकरमधून फट्-फट्-फट्! आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, नौपाड्यातली रिक्षा घरात घेतलीस का?"

सोल्डरिंग दोनदा तपासलं, चिपही बदलली. दोष तिथे नव्हताच. मल्टिमीटर लावल्यावर उलगडलं: शांत असताना ८.९ व्होल्ट, तबल्याच्या थापेला थेट ७ च्या खाली. या बॅटरीत दीड-दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल असतात, त्यामुळे अंतर्गत रोध जास्त. थाप पडली की व्होल्टेज कोसळतं, ती घसरण चिपच्या आतून इनपुटकडे पोचते आणि हे चक्र फटफटत राहतं.

मग पिन ६ (वीजपुरवठा) आणि पिन ४ (ग्राउंड, म्हणजे ऋण बाजू) मध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, थापेच्या क्षणी साठवलेली वीज देऊन व्होल्टेज सावरायला, सोबत ०.१ चा, चिपला अगदी चिकटून. पिन ७ वरून ग्राउंडला १० चा. (मोठ्याची पट्टीवाली बाजू ऋण. मी पूर्वी एक उलटा लावून फोडलाय. वास दोन दिवस गेला नव्हता.)

फटफट थांबली, पण बॅटरी लवकर मान टाकायची. दादरला गाडी बदलून इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराचा लॅमिंग्टन रोड गाठला, सहा एए सेलचा होल्डर आणला. रिचार्जेबल सेलचे ७.२ व्होल्टच होतात, पण ही चिप ४ व्होल्टपासून चालते. आता आईची तक्रार एवढीच, की आवाज फार मोठा आहे.