‘एक अनेक और एकता’ आता बघायचा, तर असा

लहानपणीचं कार्टून पुन्हा बघायला बसण्याआधी आठवतंय ते सगळं कागदावर उतरवून काढा, आणि घरच्यांनाही विचारा. दूरदर्शनवरच्या ‘एक अनेक और एकता’बद्दल मी माझ्या भावंडांना विचारलं. पाखरं, जाळं, सगळ्यांनी मिळून भुर्र उडणं आणि शेवटचं ‘हिंद देश के निवासी’ गाणं, एवढं प्रत्येकाला पाठ होतं. जाळं कुरतडून पाखरांना सोडवणारे उंदीर मात्र कोणाच्याच तोंडी आले नाहीत. सगळ्यांच्या आठवणीतून जे गळतं, तिथे आधी हात घाला.

आता फिल्म बघा. जेमतेम सात मिनिटांची आहे, दोनदा बघायला काहीच हरकत नाही. दुसऱ्यांदा आवाज बंद ठेवा. गाण्याची चाल आपल्याला ओढून नेते आणि चित्राकडे लक्षच जात नाही.

मग ती कोणी, कधी केली ते शोधा. ही केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची १९७४ ची फिल्म. दिग्दर्शिका विजया मुळे, जन्म मुंबईचा, आयुष्य शिक्षण आणि फिल्म सोसायटीच्या कामात गेलेलं. अॅनिमेशन भीमसेन यांचं. सालाचा उपयोग मोठा असतो. एकीचा एवढा गजर ऐकून कोणालाही आणीबाणी आठवेल, पण ती लागली २५ जून १९७५ ला. म्हणजे तो अर्थ बाद. सरकारी पैशातून देश एक असल्याचं सांगणारी फिल्म, इथवर म्हणता येतं, पण ते तर उघडच आहे.

खरं घबाड मिळतं मूळ गोष्टीत. ही गोष्ट पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रातली, मित्रसंप्राप्तीतली. तिथे कबुतरांचा राजा आहे, चित्रग्रीव. जाळं उचलून उडायचं तोच सांगतो, आणि हिरण्यक उंदीर दोर कुरतडायला आला की म्हणतो, आधी माझ्या माणसांचे पाश तोड, माझे नंतर. फिल्मच्या गाण्यात राजाचं नावसुद्धा नाही. शहाणपण सगळ्या चिमण्यांचं, आणि गोष्ट सांगते एक दीदी. राजा काढून टाकणं हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

आणि काय ठेवलं? उंदीर! एकीने जाळं उडालं, तुटलं मात्र नाही. पाखरं आभाळात गेली तरी अडकलेलीच होती. सोडवलं ते बिळात राहणाऱ्या, पंख नसलेल्या दोस्तांनी. पंचतंत्रात तर पुढे कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांची मैत्री होते. उंदीर आधी कावळ्याला साफ सांगतो की मी तुझं भक्ष्य, आपली मैत्री कशी व्हायची? म्हणजे आपल्यासारख्यांची एकी पुरत नाही, आपल्यासारखे नसलेलेही जिवाभावाचे लागतात. शेवटच्या गाण्यातली वेगवेगळ्या फुलांची माळ मला त्यानंतरच नीट कळली.

सापडलेला अर्थ असा ताडून बघा: फिल्ममध्ये तो निदान दोन जागी दिसला पाहिजे. माझं उंदरांचं म्हणणं माळेपाशी टिकतं. शिवाय मुलं विचारतात, एक झालो तर या झाडाचे आंबेही तोडता येतील का? दीदी हो म्हणते, पण जुगत, म्हणजे युक्ती करावी लागेल हेही सांगते. म्हणजे नुसतं एक होणं तिलाही पुरेसं वाटत नाही. एकाच फ्रेमवर उभा केलेला अर्थ खुशाल सोडून द्या.

जमलं तर एखाद्या मुलासोबत बघा, आणि मध्ये समजावू नका. माझ्या चौथीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, “बाई, उंदीर आणि चिमण्या मित्र कधी झाले?” फिल्म ते सांगत नाही. त्या दिवशी मराठीचा तास आम्ही ती आधीची गोष्ट रचण्यात घालवला, आणि प्रत्येक बाकावरून वेगळी मैत्री निघाली.