हिवाळ्यात पॉलिहाऊसचे पडदे: थंडीपेक्षा ओल सांभाळा

डिसेंबर लागला की कोल्हापूरच्या शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात पॉलिहाऊसवाल्यांची एक ठरलेली चूक सुरू होते. चार वाजता अंगावर शिरशिरी आली की माणूस स्वतः स्वेटर चढवतो आणि पॉलिहाऊसच्या बाजूचे पडदे खाली सोडतो. ते सकाळी दहापर्यंत तसेच. पहिल्या हिवाळ्यात मीही हेच केलं होतं. 10 गुंठे डच गुलाब होता आणि रात्रीचा पारा 12 वर उतरला म्हणून मी सगळं चिडीचूप बंद केलं. तिसऱ्या दिवशी पहाटे पडद्याचं हँडल फिरवणारे मामा आत जाऊन आले, डोक्याचा टॉवेल पिळला आणि म्हणाले, "मालक, भाईर कोरडं आन् आत पाऊस पडायलाय."

खरंच पडत होता. छपराच्या पॉलिथिनच्या, म्हणजे पेपरच्या, आतल्या बाजूला साचलेलं पाणी थेंबाथेंबानं कळ्यांवर गळत होतं. आठवड्यात पाकळ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आले, मग राखाडी बुरशी. बोट्रायटिस म्हणतात तो हाच. याची लबाडी अशी की काढणीच्या वेळी फूल बरं दिसतं आणि बॉक्समध्ये रात्रभर ट्रॅव्हल्सचा प्रवास करून दादरला उघडलं की सडलेलं निघतं.

कारण साधं आहे. गरम हवेत जास्त ओल मावते, गार हवेत कमी. संध्याकाळी आत 25 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असताना पडदे लावले, तर तीच हवा 17 अंशांच्या आसपास आली की दव धरायला लागते. त्यात झाडं आणि ओले बेड ओल सोडतच असतात, म्हणजे दव त्याआधीच. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत रात्री 14-15 अंश ही नेहमीची गोष्ट, त्यामुळे दव रोजचंच. पंचगंगा-कृष्णेच्या काठाला धुकं असतं, आजरा-चंदगडकडं दव आणखी जड. आणि नुसत्या पॉलिथिनच्या छपरानं रात्रीची ऊब टिकते हाही एक गैरसमज आहे. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर बंद पॉलिहाऊस बाहेरच्यापेक्षा एखादा अंश गारच भरतं.

म्हणून संध्याकाळचा क्रम महत्त्वाचा. पाणी आणि खत सकाळी अकराच्या आत उरका. फॉगर (धुक्यासारखे बारीक तुषार उडवणारे नोझल) दुपारनंतर बंद, वाटांवर पाणी मारणं तर थंडीत नकोच. पडदे साडेचारच्या सुमारास निम्मे आणा आणि आतली दमट हवा तासभर निघू द्या. ऊन उतरताना बाकीचे लावा, पण वाऱ्याच्या उलट्या बाजूचा पडदा वीतभर उघडा राहिला पाहिजे. पारा 12 च्या खाली जायची लक्षणं असतील तर ही फटही बंद करा, टॉप व्हेंट, म्हणजे छपरातली हवेची फट, मात्र कधीच नाही. काहीजण थंडीत टॉप व्हेंटच्या जाळीवर पेपर ठोकतात. ओल बाहेर जायचा तोच तर रस्ता! ठोकला असेल तर आजच काढा.

सकाळची घाईही नडते. सूर्य सातच्या सुमारास वर येतो आणि हवा लगेच तापते, पण जाड कळी आणि ढोबळी मिरचीचं फळ गारच राहतं. मग दमट हवेतलं पाणी त्यांच्यावरच धरतं. यासाठी आठच्या आसपास पडदा फूटभर उघडा, नऊला अर्धा, साडेदहापर्यंत पूर्ण. दहाला एकदम सगळा उघडला तर गार वाऱ्याचा झोत कोवळ्या शेंड्यांवर बसतो. थंडीत आपल्याकडं वारा बहुधा पूर्वेकडून असतो, म्हणून पश्चिमेचा पडदा आधी. खात्रीसाठी खांबाला पॉलिथिनची चिंधी बांधा, ती कुठं फडफडते बघा. खालचा अॅप्रन (जमिनीलगतचा पॉलिथिनचा पट्टा) मात्र जागेवर राहू द्या, गार हवा थेट बुंध्याला लागायला नको.

सकाळी उघडायचं आणखी एक कारण आहे. ऊन पडलं की झाडं आतला कार्बन डायऑक्साइड भराभर ओढून घेतात आणि बंद घरात तो बाहेरच्यापेक्षा खूप खाली येतो. ऊन असूनही झाड उपाशी. दुपारी आत 28-30 च्या वर जाऊ देऊ नका. कार्नेशनला दिवस-रात्रीची मोठी तफावत सोसत नाही, कळीचा कप (पाकळ्यांखालचा हिरवा भाग) फाटतो. ढोबळीत रात्र 15-16 च्या खाली गेली की फलधारणा बिघडून फळं वेडीवाकडी येतात, तिथं पडदे थोडे लवकर लावले तरी चालेल.

जाळी झटका, धुवा. ऊसवाहतुकीचा फुफाटा 40 मेशची (इंचाला 40 भोकांची) जाळी महिनाभरात बुजवून टाकतो, मग पडदा उघडा काय आणि बंद काय. छपराचा पेपरही एकदा धुऊन घ्या, थंडीत ऊन आधीच कमी.

शेजारच्या रानात उसाचा पाला पेटला तर तेवढ्यापुरते त्या बाजूचे पडदे लावा. धुरात इथिलीन वायू असतो आणि कार्नेशनची फुलं त्यानं मिटतात. आत ऊब म्हणून शेकोटी पेटवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, फुलांचं जाईलच, आत काम करणाऱ्या माणसाच्या जिवावरही बेतेल.

फवारणी पानं सुकल्यावर, सकाळीच. बुरशीची फुलं तोडताना झटकू नका, जागेवरच पिशवीत घाला आणि बाहेर नेऊन पुरा.

कमाल-किमान तापमापक पिकाच्या उंचीला, सावलीत टांगा आणि आकडे वहीत लिहा. त्याच्या जोडीला मामांची परीक्षा: पहाटे साडेसहाला काठीनं पेपर हलका ठोकायचा. डोक्यावर सर आली, तर आज संध्याकाळी फट आणखी चार बोटं मोठी ठेवायची.