श्रद्धेला गृहीतकाची कसोटी कशी लावावी

ईश्वर मानू लागणे म्हणजे एखादे गृहीतक पडताळून पाहणेच आहे का, हे ज्याला स्वतःपुरते ठरवायचे असेल त्याने आधी कागदावर एक वाक्य पुरे करून पाहावे: ‘अमुक घडले, तर माझे मानणे चुकीचे ठरेल.’ गृहीतकाला ही जोखीम टाळता येत नाही. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए याने गणिताने सांगितलेल्या जागेजवळच १८४६ साली नेपच्यून सापडला; त्यानेच पुढे बुधाच्या कक्षेच्या आत कल्पिलेला व्हल्कन हा ग्रह मात्र कधीच सापडला नाही, आणि अखेर तो सोडून द्यावा लागला.

वाक्य पुरे झाले, तर त्यातला दावा तपासावा. दुसऱ्यांनी केलेल्या प्रार्थनेने रुग्णाला गुण येतो, हा दावा तपासून झालेला आहे. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, हृदयशस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांच्या अभ्यासात प्रार्थनेमुळे गुंतागुंत कमी झाल्याचे आढळले नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना खात्रीने ठाऊक होते, त्यांच्यापैकी ५९ टक्क्यांना गुंतागुंत झाली, तर प्रार्थना होत असूनही ती खात्री नसलेल्यांत हे प्रमाण ५२ टक्के होते. ईश्वर नाही, असे यातून सिद्ध होत नाही. परंतु हे आकडे वाचताच मनात जे पहिले उत्तर उमटले, ते त्याच कागदावर टिपावे. ‘ईश्वराची अशी परीक्षा घेता येत नाही’ हे असेल, तर आकडे उलटे आले असते तरी आपण हेच म्हटले असते का, तेही प्रामाणिकपणे लिहावे.

वाक्य अर्धवट राहिले, तरी लगेच हार मानू नये. श्रद्धेत ‘ईश्वर आहे’ या विधानाखेरीज त्याच्यावर भार टाकणेही असते. मित्राची परीक्षा पाहण्यासाठी मेजावर मुद्दाम पैसे ठेवून दाराआड उभ्या राहणाऱ्याला मित्राचा प्रामाणिकपणा कळेल, पण मैत्री तेवढ्यातच उणावलेली असते. (विश्वासाची परीक्षा घेऊ नये, ही सबब फार स्वस्तात वापरली जाते, असे मला वाटते; मित्रही दगा देतो, आणि मग विश्वास तुटतोच.)

युक्तिवादातून ईश्वर हाती आला, तर तो कोणता, हे पाहावे. प्रत्येक अडचणीसरशी नवी पुस्ती जोडत गेल्यास ईश्वराविषयीच्या विधानात काहीच उरत नाही, असा आक्षेप तत्त्वज्ञ अँटनी फ्लू याने १९५० साली घेतला होता. त्यानेच २००४ मध्ये ईश्वराचे अस्तित्व मान्य केल्याचे जाहीर केले. मात्र त्याने मानलेला ईश्वर माणसांच्या व्यवहारात लक्ष न घालणारा होता. आपल्या पडताळणीतूनही असाच ईश्वर निघाला, तर ज्याच्यावर भार टाकायचा होता तो हाच का, हा प्रश्न कागदाच्या मागल्या बाजूस लिहून ठेवावा.