संकेतस्थळ किंवा ईमेल बंद पडल्यावर सपोर्टकडे तक्रार कशी मांडावी

“संकेतस्थळ बंद आहे, कृपया लवकर पाहावे.” होस्टिंग कंपनीच्या (संकेतस्थळ जिच्या सर्व्हरवर ठेवलेले असते तिच्या) सपोर्ट विभागात अशा एका ओळीची तिकिटे, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, रोज येतात आणि त्यांना जाणारे पहिले उत्तर प्रश्नांचेच असते: कोणते डोमेन, काय दिसते, केव्हापासून? ग्राहक दोन तासांनी उत्तर देतो, तोवर तिकीट दुसऱ्या पाळीतल्या माणसाकडे गेलेले असते आणि तो सगळे पुन्हा पहिल्यापासून वाचू लागतो. मी स्वतः काही वर्षे अशी तिकिटे हाताळली आहेत. दहा मिनिटांत सुटणाऱ्या अडचणीलाही दिवस लागतो, तो बहुतेक वेळा दोन कारणांनी: तक्रार चुकीच्या कंपनीकडे गेलेली असते, किंवा तपासणीला लागणारी माहिती तिच्यात नसते. ही दोन्ही कारणे ग्राहकाला स्वतः दूर करता येतात.

लिहायला बसण्यापूर्वी आपली कोणती सेवा कोणाकडे आहे, हे पाहून घ्यावे. डोमेनची नोंदणी, डीएनएस (डोमेनचे नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे सांगणाऱ्या नोंदी), होस्टिंग आणि ईमेल या चार स्वतंत्र सेवा आहेत. त्या एकाच कंपनीकडे असू शकतात, तशा चार वेगवेगळ्या कंपन्यांकडेही. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग अशा डोमेनांचा रजिस्ट्रार (नोंदणी करणारी कंपनी) कोण, मुदत केव्हा संपते आणि नेमसर्व्हर (डीएनएस नोंदी पुरवणारे सर्व्हर) कोणते, हे आयकॅन या डोमेनव्यवस्था सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोंदणी-शोध पानावर डोमेनचे नाव टाकले की दिसते. (अशा डोमेनांसाठी हूइज ही नोंदणीची माहिती देणारी जुनी सेवा चालू ठेवण्याचे बंधन २८ जानेवारी २०२५ रोजी संपले आणि तिची जागा आरडॅप या नव्या पद्धतीने घेतली, त्यामुळे जुन्या साधनांवर माहिती दिसली नाही तर डोमेन गेले असे समजू नये.) यातली नेमसर्व्हरची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. नेमसर्व्हर ज्या कंपनीचे असतील तिच्याच पॅनेलमधल्या (ग्राहकाच्या खात्याच्या नियंत्रण-पानावरच्या) डीएनएस नोंदी लागू असतात. दुसऱ्या पॅनेलमध्ये तशाच नोंदी दिसत असल्या, तरी त्या कितीही वेळा बदलल्याने काहीही होत नाही.

यानंतर ब्राउझर नेमके काय सांगतो, ते शब्दशः टिपून घ्यावे. पत्ताच सापडत नाही असा संदेश असेल तर दोष डोमेनमध्ये किंवा डीएनएसमध्ये शोधावा. प्रमाणपत्राचा इशारा आला तर एसएसएलची, म्हणजे जोडणी सुरक्षित असल्याचे दाखवणाऱ्या प्रमाणपत्राची, मुदत संपलेली असणे शक्य आहे. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेची नेहमीची प्रमाणपत्रे ९० दिवसांची असतात आणि त्यांचे आपोआप होणारे नूतनीकरण कधी कधी अडते. ५०० हा क्रमांक दिसला तर विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली आहे, पण संकेतस्थळाचा कोड किंवा सेटिंग कोठेतरी अडखळली आहे, आणि कारण बहुधा एरर लॉगच्या (सर्व्हरवरच्या चुकांच्या नोंदवहीच्या) शेवटच्या ओळींत मिळते. तेच पान मोबाइल डेटावर उघडून पाहावे. तेथे ते उघडत असेल आणि कार्यालयातून उघडत नसेल, तर सर्व्हरच्या फायरवॉलने (संशयास्पद जोडण्या रोखणाऱ्या यंत्रणेने) कार्यालयाचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा ओळख-क्रमांक) अडवलेला असण्याची शक्यता मोठी आहे. पासवर्ड बदलल्यानंतर एखाद्या जुन्या फोनमधले मेल ॲप जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवत राहते आणि त्यापायी सगळे कार्यालय अडवले जाते, हा प्रकार मी असंख्य वेळा पाहिला आहे. अशा वेळी तिकिटात आपला सार्वजनिक आयपी पत्ता द्यावा आणि तो फोनही शोधून काढावा, नाहीतर अडवणूक उठल्यावर तासाभरात पुन्हा तेच होते.

डोमेनची मुदत संपली असल्यास मात्र तिकिटाच्या उत्तराची वाट न पाहता आधी पॅनेलमधून नूतनीकरण करावे. डॉट कॉमसारख्या डोमेनांना मुदतीनंतर जास्तीत जास्त ४५ दिवस नूतनीकरणाची सवलत असते, पण रजिस्ट्रार ती कमी करू शकतो. त्यानंतर ३० दिवसांचा सोडवणुकीचा (डोमेन परत मिळवण्याचा) काळ येतो, ज्यात सहसा बरेच जास्त शुल्क पडते, आणि शेवटच्या ५ दिवसांत तर कोणालाच काही करता येत नाही. देशांच्या डोमेनांचे नियम वेगळे असतात. मुदत शिल्लक असूनही नव्या डोमेनचे संकेतस्थळ अचानक बंद पडले, तर नोंदणीच्या वेळी आलेला ईमेल-पडताळणीचा संदेश शोधावा, कारण १५ दिवसांत पडताळणी झाली नाही तर रजिस्ट्रार डोमेन थांबवू शकतो.

ईमेलच्या तक्रारी सर्वांत किचकट असतात. “मेल जात नाही” या तीन शब्दांत निदान चार वेगवेगळ्या अडचणी लपलेल्या असू शकतात, म्हणून आधी जाणारी मेल अडते आहे की येणारी, सर्वांची अडते आहे की एकाच पत्त्याची, हे ठरवावे. मग वेबमेल (ब्राउझरमधून दिसणारी मेलपेटी) उघडून पाहावे. वेबमेल चालत असेल आणि फक्त संगणकावरचे ॲप चालत नसेल, तर सर्व्हर ठीक आहे. अशा वेळी ॲपमध्ये आयमॅपसाठी (मेल वाचण्याच्या पद्धतीसाठी) ९९३ आणि पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७ हे पोर्ट (जोडणीचे क्रमांक) तपासावेत. मेल परत आली असेल तर परतीचा संपूर्ण संदेश जोडावा, कारण त्यातला क्रमांकच निदान सांगतो: ४ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे अडथळा तात्पुरता आहे, ५ ने सुरू होणारा म्हणजे नकार कायमचा आहे, ५.१.१ म्हणजे तसा पत्ताच नाही, ५.२.२ म्हणजे पेटी भरली आहे, आणि ५.७ ने सुरू होणारे क्रमांक सुरक्षा किंवा धोरणाच्या कारणाने मिळालेला नकार दाखवतात. या शेवटच्या प्रकारात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरोखर आपल्याच डोमेनची आहे हे पटवणाऱ्या, डीएनएस नोंदी पाहाव्यात. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असावी लागते. नवी मेल सेवा घेताना जुनी नोंद तशीच ठेवून दुसरी जोडली, की दोन्ही निकामी होतात.

संकेतस्थळ नव्या होस्टिंगवर नेल्यानंतर मेल येणे बंद झाले असेल, तर कारण बहुतेक ठरलेले असते. नेमसर्व्हर बदलले की त्यांच्याबरोबर डीएनएसच्या सगळ्या नोंदी बदलतात, आणि जुन्या ठिकाणच्या एमएक्स नोंदी (येणारी मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायची हे सांगणाऱ्या) नव्या ठिकाणी कोणी उतरवलेल्या नसतात. म्हणून नेमसर्व्हर बदलण्यापूर्वी जुन्या सर्व नोंदींचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि एक दिवस आधी टीटीएल (इतर सर्व्हरांनी नोंद किती वेळ जपून ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणावा.

आता प्रत्यक्ष तिकीट. विषयात डोमेनचे नाव आणि लक्षण असावे, मजकूर पुढीलप्रमाणे असला तरी पुरतो: “आमच्या वरील डोमेनवरील सर्व पत्त्यांवर काल दुपारी ३:४० पासून बाहेरची मेल येत नाही, आपापसातील मेल पोहोचते. त्याआधी ३ वाजता आम्ही नेमसर्व्हर बदलले. वेबमेल उघडते. पाठवणाऱ्याला परत आलेला संपूर्ण संदेश जोडला आहे. आमची मेल सेवा दुसऱ्या कंपनीकडे आहे, तिच्या एमएक्स नोंदीही जोडल्या आहेत. त्या आपल्याकडील डीएनएसमध्ये आहेत का, ते पाहावे.” हे वाचणाऱ्याला एकही प्रश्न विचारावा लागत नाही. अडचण सुरू होण्याआधी काय बदलले, हे वाक्य कधीही गाळू नये. स्वतःकडून चूक झाली असेल तर ती स्पष्ट लिहावी, कारण ती लपवल्याने तपासणी भलत्याच दिशेला जाते.

पासवर्ड तिकिटात लिहू नये. त्याच अडचणीसाठी दुसरे तिकीट उघडू नये, कारण मग दोन माणसे एकमेकांना न सांगता एकाच सर्व्हरवर काम करू लागतात. नवी माहिती जुन्याच तिकिटात जोडावी. बॅकअप परत टाकण्याची विनंती करताना कोणत्या तारखेचा बॅकअप हवा आणि केवळ फाइली, केवळ डेटाबेस की दोन्ही, हे लिहावे, कारण पूर्ण बॅकअप टाकला की मधल्या काळातल्या ऑर्डरी किंवा लेख पुसले जाऊ शकतात.

शेवटी, सगळे सुरळीत असतानाच करायचे एक काम आहे. रजिस्ट्रारच्या खात्यात संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा दिलेला असेल, तर तो आजच बदलून वेगळ्या सेवेवरचा पत्ता द्यावा. डोमेन बंद पडते तेव्हा त्यावरची पेटीही बंद पडते, आणि पासवर्ड बदलण्याचा दुवा नेमका त्याच पेटीत जाऊन अडकतो.