ले-आऊटमधली खुली जागा वाचवायची तर आधी कागद, मग अर्ज

प्लॉट पाडलेल्या ले-आऊटमधल्या खुल्या जागेत आधी वाळूचा ढीग पडतो, मग पत्र्याचं शेड उभं राहतं आणि दोन पावसाळ्यांनी त्याच शेडची घरपट्टीची पावती दाखवली जाते. घरपट्टी भरल्याने जमिनीची मालकी मिळत नाही. तरीही नगरपरिषदेत दिलेले ‘अतिक्रमण हटवा’ असे अर्ज बहुधा पडून राहतात. कारण साधं आहे: पालिका म्हणते जागा महसूलची, तहसील म्हणतं पालिकेची. म्हणून तक्रारीआधी जागा कोणाची ते कागदावर पक्कं करा.

जागेचा उतारा काढा. सिटी सर्व्हे (नगर भूमापन) झालेल्या भागात मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मिळते, बाकी ठिकाणी सातबारा. अनेक छोट्या शहरांत सिटी सर्व्हे जुन्या गावठाणापुरताच झाला आहे, बाहेरचे ले-आऊट अजून सातबाऱ्यावरच आहेत. धारकाचं नाव, ‘इतर हक्क’चा रकाना आणि फेरफार (नोंदीतल्या बदलाचा) क्रमांक नीट वाचा. जमीन सरकारची असेल तर अर्ज महसूलकडे जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 50 खाली अतिक्रमण काढण्याचा अधिकार तिकडे आहे, आणि तलाठ्याकडच्या (आता ग्राम महसूल अधिकारी) गाव नमुना 1-ई मध्ये अशा अतिक्रमणांची नोंद असते. जागा पालिकेची असेल किंवा प्रश्न विनापरवाना बांधकामाचा असेल तर अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या.

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. ले-आऊट मंजूर होतो, प्लॉट विकले जातात, पण खुल्या जागेच्या उताऱ्यावर मूळ मालकाचंच नाव राहतं. वीस वर्षांनी वारसनोंद होते आणि वारस ती जागा विकायला काढतात. असा उतारा हाती आला तर घाबरू नका, पुढचा कागद त्याहून महत्त्वाचा आहे.

मंजूर रेखांकन, म्हणजे ले-आऊटचा मंजूर नकाशा, मिळवा. सध्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार 0.4 हेक्टर, म्हणजे 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये 10 टक्के खुली जागा सोडावी लागते. एक हेक्टरचा ले-आऊट असेल तर 1,000 चौरस मीटर. प्लॉटच्या भावातच तिची किंमत धरलेली असते, त्यामुळे तिच्यावर रहिवाशांचा हक्क आहे. नकाशात ‘ओपन स्पेस’ (खुली जागा) आणि ‘ॲमेनिटी स्पेस’ (शाळा, दवाखाना अशा सुविधांची जागा) वेगळे असतात, त्यांची गल्लत करू नका. सुधारित रेखांकनही मागा, कारण पहिल्या नकाशात मध्यभागी असलेली जागा दुसऱ्यात नाल्याकाठी सरकलेली सापडते.

नकाशा सहज मिळाला नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा: शुल्क 10 रुपये, विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत. ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारू नका. ‘सर्व्हे नंबर अमुकच्या मंजूर व सुधारित रेखांकनाची, मंजुरी आदेशाची आणि त्यातील अटींची साक्षांकित प्रत द्यावी’ असं नेमकं लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपये शुल्क भरून पहिलं अपील करा.

शहराच्या विकास आराखड्यात मैदान, शाळा अशा कामांसाठी राखलेली जागा, म्हणजे आरक्षण, मात्र वेगळं. तिथे जमीन बहुधा खासगी असते. आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत ती संपादित झाली नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उडतं. मैदानाचं आरक्षण असेल तर ही तारीख आजच शोधा.

हद्द मोजून घ्या. पालिकेने भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा, अशी लेखी मागणी करा. मोजणीची ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा) नसेल तर समोरचा ‘माझं बांधकाम माझ्याच प्लॉटमध्ये आहे’ म्हणतो आणि प्रकरण तिथेच अडतं.

आता तक्रार द्या. विनापरवाना बांधकामावरच्या कारवाईसाठी नगररचना अधिनियमाच्या कलम 52 आणि 53 चा उल्लेख करा, उतारा, रेखांकन, ‘क’ प्रत आणि तारखेसह फोटो जोडा. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 13 नोव्हेंबर 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पाडकामापूर्वी 15 दिवसांची नोटीस लागते. रस्ता, पदपथ, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागांवरच्या विनापरवाना बांधकामाला ही अट लागू नाही. घाईने, नोटीस न देता पाडायला लावलंत तर स्थगिती मिळते आणि पुढची वर्षं वाया जातात. हातगाडीवाल्यांना या तक्रारीत ओढू नका, त्यांना 2014 च्या पथविक्रेता कायद्याचं वेगळं संरक्षण आहे.

जागा पालिकेची असून नगरपरिषदेच्या सभेनेच ती कोणाला द्यायचा ठराव केला असेल, तर ठरावाची प्रत घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. नगरपरिषद अधिनियम, 1965 चं कलम 92 मालमत्ता हस्तांतरणावर बंधनं घालतं, आणि कलम 308 खाली जिल्हाधिकारी बेकायदा किंवा लोकहिताविरुद्धच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. पाया खोदण्याआधीच हा अर्ज पोचायला हवा. बांधकाम खुद्द नगरसेवकाचं, त्याच्या पत्नीचं किंवा पतीचं, अथवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीचं असेल तर याच अधिनियमाच्या कलम 44 खाली अपात्रतेचा स्वतंत्र अर्ज द्या. तो अतिक्रमणाच्या तक्रारीत मिसळू नका, नाहीतर दोन्ही एकाच फाइलमध्ये अडकतात.